औषध फसलं की प्लेट फसली? प्रतिरोधक जिवाणूंवरच्या प्रयोगांत या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या मुलामुलींची लॅबमध्ये वर्दळ वाढते. गेल्या वर्षी एक मुलगी मोबाइल पुढे करत आली. "मॅडम, तुळशीच्या अर्काला एमआरएसएवर १८ मिलिमीटरचा झोन आला. व्हॅन्कोमायसिनला १६च! म्हणजे आपला अर्क भारी ना?"

मी विचारलं, "अगं, नुसतं मिथेनॉल टाकलेल्या विहिरीला किती आला?"

ती गप्प. ती विहीर केलीच नव्हती. (एमआरएसए म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू, व्हॅन्कोमायसिन हे त्याच्यावरचं औषध. विहीर म्हणजे प्लेटमधल्या अगार या जेलीसारख्या थरात पाडलेला खळगा, आणि झोन म्हणजे त्याभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ.)

रोग्याच्या शरीरातला जिवाणू औषधाला दाद देत नाही, हा प्रश्न केवढा मोठा आहे ते वेगळं सांगायला नको. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. म्हणून नवं औषध, जुन्या औषधांची जोडी, वनस्पतींचे अर्क, पेप्टाइड, जिवाणूंना मारणारे फाज विषाणू, जे सुचेल ते लोक तपासून बघतात, आणि बघायलाच हवं. पण आमच्याकडे येणारे निकाल चाळताना मला सारखं वाटतं की निम्म्या वेळा औषधाची परीक्षा झालेलीच नसते. परीक्षा झालेली असते ती ब्रॉथची (जिवाणू वाढवायच्या पातळ खाद्याची), प्लेटच्या प्लॅस्टिकची, पिपेट धरणाऱ्या हाताची किंवा बिचाऱ्या उंदराची. आकडा मात्र औषधाच्या नावावर चढतो.

झोन मोठा, औषध भारी?

तुळशीपासूनच सुरुवात करू. अगारमध्ये विहीर पाडून किंवा डिस्क ठेवून जो झोन येतो, तो दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ जिवाणूला किती मारतो आणि अगारमधून किती लांब पसरतो. व्हॅन्कोमायसिनचा रेणू अवजड. तो अगारमधून रांगत जातो. म्हणूनच स्टॅफिलोकॉकससाठी व्हॅन्कोमायसिनच्या डिस्कवर विसंबू नये, एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, काढावी असा दंडक आहे. त्याच्या १६ मिलिमीटरशी तुळशीच्या १८ची तुलना म्हणजे बैलगाडी आणि सायकल यांत कोण किती लांब गेलं यावरून ओझं कोण जास्त वाहतं ते ठरवण्यासारखं. झोनचे मिलिमीटर त्याच औषधाच्या, त्याच मात्रेच्या, ठरवून दिलेल्या तक्त्याशी ताडायचे असतात. दोन वेगळ्या पदार्थांचे झोन एकमेकांशी ताडून काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय द्रावक. मिथेनॉल, इथेनॉल, डीएमएसओ हे स्वतःच जिवाणूंना त्रास देतात. प्रत्येक प्लेटवर तेवढ्याच मात्रेत नुसत्या द्रावकाची एक विहीर हवी. आणि झोन मोजताना विहिरीचा स्वतःचा व्यास धरलाय की वगळलाय तेही लिहा. ८ मिलिमीटरच्या बोअररनं पाडलेल्या विहिरीभोवतीचा "१० मिलिमीटर झोन" म्हणजे कडेला जेमतेम एक एक मिलिमीटर.

अर्कावर काम करायचंच असेल तर ब्रॉथमध्ये एमआयसी लावा आणि आकडा आला की त्याकडे डोळसपणे बघा. मिलीलिटरला ५ मिलिग्रॅम लागत असतील, तर एवढी मात्रा माणसाच्या रक्तात कशी जाणार? इतक्या घट्ट द्रावणात खूपशा गोष्टी जिवाणूंना मारतात. हळदीच्या कर्क्युमिनची तर आणखी गंमत. ते स्वतःच पिवळंधमक, त्यामुळे गढूळपणा डोळ्यांनी वाचता येत नाही. मग लोक रेझाझुरिन हा रंग घालतात, जिवंत जिवाणू असले की तो निळ्याचा गुलाबी होतो. पण तो रंग बदलतो तो ऑक्सिडेशन-रिडक्शनच्या क्रियेनं, आणि तीच क्रिया करणारे पदार्थ अर्कात भरपूर असतात. जिवाणू नसलेल्या, फक्त अर्क आणि रंग असलेल्या विहिरीही गुलाबी झाल्या असतील तर प्रयोग तिथेच थांबवा. तिथे विहिरीतून थोडं काढून अगारवर टाकून वसाहती मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

५ लाख म्हणजे ५ लाखच

एमआयसीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: ०.५ मॅकफार्लंडचं (हे गढूळपणाचं माप) सस्पेन्शन, मग विरळ करून विहिरीत मिलीलिटरला ५ लाख जिवाणू, ३५ अंशाला १६ ते २० तास. चूक होते ती पाठ असलेल्या गोष्टीत. ०.५ मॅकफार्लंड म्हणजे मिलीलिटरला साधारण १ ते २ कोटी असं मानून हिशोब करणारे मी पाहिलेत. खरा आकडा १ ते २ 'शंभर दशलक्ष', म्हणजे १० ते २० कोटी. एक शून्य घसरलं की सगळा निकाल घसरला. दुसरं म्हणजे सस्पेन्शन करून चहाला जाणं. ते १५ मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात वापरायचं असतं. तेवढ्या वेळात ई. कोलाय वाट बघत बसत नाही.

इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला टाकलेल्या जिवाणूंची संख्या, बरोबर आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि तरी कोणी बघत नाही. औषध नसलेल्या विहिरीतून, प्लेट इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधी, १० मायक्रोलिटर घ्या. ते १० मिलीलिटर सलाइनमध्ये टाका. हलवा. त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी सुमारे ५० वसाहती दिसल्या पाहिजेत. ३०० दिसल्या, तर तुमच्या बीटा-लॅक्टमच्या (पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाच्या) एमआयसीला अर्थ नाही. कारण बीटा-लॅक्टमेज बनवणारे जिवाणू जितके जास्त, तितकं ते विकर (एन्झाइम) जास्त आणि औषधाचा फडशा तितका लवकर. "आमची क्लेब्सिएला फारच प्रतिरोधक आहे" असं सांगणाऱ्यांना मी आधी हीच प्लेट मागते. क्लेब्सिएलाच्या चिकट, ताणल्यावर तार येणाऱ्या वसाहतींत गढूळपणावरून अंदाज हमखास चुकतो, तिथे तर मोजणी हवीच.

आणखी एक. एमआयसी ही, लिटरला मिलिग्रॅममध्ये, दुपटी-दुपटीच्या पायऱ्यांवर मोजतात, आणि एक पायरी वर किंवा खाली हा पद्धतीचाच खडबडीतपणा आहे. म्हणून "आमच्या नॅनोकणांमुळे एमआयसी ४ वरून २ झाली" हे वाक्य प्रबंधात लिहायचं नसतं. ४ वरून ०.२५ झाली, तीनदा झाली, वेगवेगळ्या दिवशी झाली, तर बोलू.

नियंत्रण म्हणून ठेवलेल्या प्रमाणित जिवाणूचा निकाल ठरलेल्या कक्षेबाहेर गेला तर काय करायचं? पूर्ण दिवसाच्या प्लेटा टाकून द्यायच्या. मुलं मात्र फक्त तीच ओळ "कंटॅमिनेशन असेल" म्हणून खोडतात आणि बाकीचे आकडे ठेवतात. दूध नासलं की त्याच्या खिरीतले फक्त काजू काढून खायचे, तसं आहे हे.

कोलिस्टिनचा एक वाया गेलेला आठवडा

काही वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये नियंत्रणासाठीचा प्रमाणित जिवाणू, ई. कोलाय एटीसीसी २५९२२, अचानक कोलिस्टिन या औषधाला प्रतिरोधक झाला. म्हणजे तसं दिसलं. या जिवाणूची कोलिस्टिन एमआयसी ०.२५ ते २ च्या दरम्यान यायला हवी, आम्हाला ८ आणि १६ येत होती. पहिल्या दिवशी ब्रॉथला दोष दिला, दुसऱ्या दिवशी जिवाणूच्या स्टॉकला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "एमसीआर जनुक आलं की काय?" २०१५ च्या अखेरीस चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे कोलिस्टिनला प्रतिरोध देणारं जनुक जाहीर केल्यापासून ही शंका सगळ्यांच्या डोक्यात पहिली येते. पीसीआर लावला, निगेटिव्ह.

पाचव्या दिवशी फ्रीजमधली बाटली हातात घेऊन लेबल शेवटपर्यंत वाचलं. इंजेक्शनची कुपी होती. त्यावर लिहिलं होतं कोलिस्टिमेथेट सोडियम. रोग्याला देतात ते हेच. पण ते प्रत्यक्ष औषध नव्हे, त्याचं झाकलेलं रूप. शरीरात हळूहळू त्यातून कोलिस्टिन मोकळं होतं. प्लेटमध्ये १८ तासांत किती मोकळं होईल याचा काही भरवसा नाही. एमआयसीसाठी कोलिस्टिन सल्फेटच लागतं, तेही शुद्धतेचा दाखला असलेलं, आणि वजन करताना त्या दाखल्यावरची क्षमता हिशोबात धरून. पावडरचा १ मिलिग्रॅम म्हणजे औषधाचा १ मिलिग्रॅम नव्हे. हे कोलिस्टिनपुरतंच नाही, सगळ्याच प्रतिजैविकांना लागू आहे. मेडिकलमधून आणलेली गोळी कुटून एमआयसी लावणाऱ्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

कोलिस्टिनची खोड इथेच संपत नाही. ते धनभारित आणि चिकट आहे, प्लॅस्टिकला धरून बसतं. पेशी चिकटाव्यात म्हणून खास प्रक्रिया केलेल्या टिश्यू कल्चरच्या प्लेटा वापरल्या तर द्रावणातलं औषध आणखी कमी होतं. म्हणून साध्या पॉलिस्टायरीनच्या प्लेटा घ्या. "मग ट्वीन ८० घालू, चिकटणार नाही" हा उपाय सुचतोच, पण तो करायचा नाही. साबणासारखं ट्वीन स्वतःच जिवाणूच्या आवरणाशी खेळतं आणि एमआयसी खोटी खाली येते. डिस्क आणि पट्ट्यांवर कोलिस्टिनसाठी भरवसा ठेवू नका, कारण ते अगारमध्ये नीट पसरतच नाही. २०१६ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी मानक संस्थांनी मिळून हेच सांगितलं: ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (छोट्या विहिरींतल्या ब्रॉथमध्ये औषध पायरीपायरीनं विरळ करणं), सल्फेट रूपातलं औषध, साधी प्लेट, काही घालायचं नाही.

आणि मधेच एखादी विहीर स्वच्छ, पुढची पुन्हा गढूळ असं दिसलं तर लगेच "पिपेटिंगची चूक" म्हणून सोडून देऊ नका. कोलिस्टिनच्या बाबतीत हे बऱ्याचदा जिवाणूंच्या गर्दीत दडलेल्या थोड्या प्रतिरोधक पेशींचं लक्षण असतं. त्या गढूळ विहिरीतून सबकल्चर करून पुन्हा एमआयसी लावा. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली ती उगाच नाही. हे शेवटच्या फळीतलं औषध आहे, त्याचा आकडा निष्काळजीपणे काढू नये.

प्रत्येक औषधाची खाण्यापिण्याची पथ्यं

म्युलर-हिंटन ब्रॉथ एकच, पण औषधांच्या तऱ्हा अनेक. डॅप्टोमायसिनला कॅल्शियम लिटरला ५० मिलिग्रॅम लागतं, नाहीतर ते कामच करत नाही. टायगेसायक्लिनला ताजा, १२ तासांच्या आतला ब्रॉथ हवा. शिळ्या ब्रॉथमधला ऑक्सिजन त्याला खराब करतो. फॉस्फोमायसिनला ग्लुकोज-६-फॉस्फेट, एमआरएसएसाठी ऑक्सासिलिन लावताना २ टक्के मीठ, पूर्ण २४ तास आणि तापमान ३५च्या वर नाही. सेफिडेरोकॉल तर जिवाणूच्या लोह शोधणाऱ्या यंत्रणेवर स्वार होऊन आत शिरतं. ब्रॉथमध्ये लोह भरपूर असेल तर जिवाणू ती यंत्रणा चालूच करत नाही आणि औषध दाराबाहेर उभं राहतं. म्हणून त्याला लोह काढून टाकलेला ब्रॉथ.

जोड-औषधांत आणखी एक घोळ आहे. अविबॅक्टॅम आणि टॅझोबॅक्टॅम ही जिवाणूचं विकर रोखणारी औषधं लिटरला ४ मिलिग्रॅम या स्थिर मात्रेत ठेवून बरोबरचं औषध बदलत नेतात. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटला मात्र अमेरिकी पद्धतीत दोनास एक हे प्रमाण, तर युरोपीय पद्धतीत क्लॅव्युलॅनेट २ मिलिग्रॅमवर स्थिर. एका पद्धतीचा आकडा काढून दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यात बसवला की निकाल उलटा लागू शकतो. वोक्हार्टच्या सेफेपिम-झिडेबॅक्टॅमची तपासणी एकास एक प्रमाणात होते, कारण झिडेबॅक्टॅम हे नुसतं विकर रोखणारं औषध नाही, जिवाणूच्या पीबीपी२ या प्रथिनाला धरून स्वतःही मारा करतं. आपण कोणत्या पद्धतीनं लावलं हे लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

पण ब्रॉथ आणि शरीर यांत किती अंतर असू शकतं याचं मला सर्वांत विचारात पाडणारं उदाहरण म्हणजे एनडीएम, मेरोपेनेमसारखी औषधं मोडणारं जिवाणूचं विकर. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या रुग्णाच्या क्लेब्सिएलात ते २००८ मध्ये सापडलं, म्हणून त्याला नवी दिल्लीचं नाव चिकटलं. हे विकर जस्तावर चालतं. आणि नेहमीच्या ब्रॉथमध्ये जस्त शरीरातल्या संसर्गाच्या जागेपेक्षा खूप जास्त असतं. परिणाम असा, की प्लेटवर मेरोपेनेमला अजिबात न जुमानणारे एनडीएमवाले काही जिवाणू उंदराच्या मांडीत मेरोपेनेमनं कमी झालेले दिसतात. यावरून रोग्याला मेरोपेनेम द्या असा निष्कर्ष काढायचा नाही. पण एनडीएमवर काम करणाऱ्यानं, विशेषतः जस्त ओढून घेणाऱ्या रेणूवर काम करणाऱ्यानं, आपल्या ब्रॉथमधलं जस्त मोजलं नसेल तर त्याच्या "एमआयसी ६४ पटींनी घटली" या वाक्याचं काय करायचं, हा प्रश्नच आहे. तोच परिणाम जस्त ओढून घेणाऱ्या साध्या ईडीटीएनं येतो का, हे शेजारच्या ओळीत दाखवा.

सिनर्जीचा हव्यास

दोन औषधांची चेकरबोर्ड (दोघांच्या मात्रा आडव्या-उभ्या बदलत नेणारी प्लेट) लावली की सगळ्यांना सिनर्जी, म्हणजे दोघांची मिळून वाढलेली ताकद, हवी असते. एफआयसी निर्देशांक (प्रत्येक औषधाच्या जोडीतल्या एमआयसीला त्याच्या एकट्याच्या एमआयसीनं भागून केलेली बेरीज) ०.५ किंवा कमी असेल तर सिनर्जी, ४ पेक्षा जास्त असेल तर विरोध. मधलं सगळं "काही विशेष नाही". ०.७५ आलं की "अंशतः सिनर्जी" असा शब्द शोधून काढू नका. पुन्हा आठवा: एमआयसीतच एका पायरीचा खडबडीतपणा आहे, आणि इथे तर दोन एमआयसी आहेत.

टाइम-किलमध्ये, म्हणजे औषधात ठरावीक वेळांनी किती जिवाणू उरले ते मोजण्यात, मोठी चोरवाट आहे ती औषध सोबत जाण्याची. नळीत एमआयसीच्या आठपट औषध आहे, तुम्ही त्यातले १०० मायक्रोलिटर तसेच अगारवर पसरले, तर अगारवरही औषध गेलंच. जिवाणू तिथे वाढले नाहीत म्हणजे नळीत मेले होते असं नाही. ओळखायचं कसं? एक निरोगी कल्चर घ्या, त्यात औषध घाला आणि लगेच, शून्य मिनिटाला, प्लेट लावा. वसाहती औषध न घातलेल्या कल्चरइतक्याच आल्या पाहिजेत. कमी आल्या, तर तुमच्या "३ लॉग" म्हणजे हजारपट घटीतला तेवढा वाटा त्या सोबत गेलेल्या औषधाचा. उपाय सोपे आहेत: पुरेसं विरळ करा, नाहीतर जिवाणू धुऊन घ्या, बीटा-लॅक्टम असेल तर विकर घालून ते मोडा.

ही चूक उंदरापर्यंत जाते, आणि तिथे ती जास्त महागात पडते. म्हणून आता उंदराकडे.

उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे

जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३२ च्या डिसेंबरात स्ट्रेप्टोकॉकसची लागण केलेल्या उंदरांना प्रॉन्टोसिल हा लाल रंग दिला. उंदीर वाचले. परीक्षानळीत मात्र तोच पदार्थ जिवाणूंना काहीच करत नव्हता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडा झाला: शरीरात प्रॉन्टोसिल मोडून त्यातून सल्फानिलामाइड सुटतं, खरं औषध ते. फक्त एमआयसीवर चाळणी लावली असती तर सल्फा औषधं पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

उलटही घडतं. डॅप्टोमायसिन प्लेटवर न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकसला सहज मारतं. रक्तातून फुप्फुसात पोचलेल्या स्टॅफिलोकॉकसवर उंदरात ते चाललं. पण श्वासनलिकेतून फुप्फुसाच्या वायुकोशांत सोडलेल्या न्यूमोकॉकसपुढे ते हरलं, आणि माणसांमधल्या न्यूमोनियाच्या चाचणीतही सेफ्ट्रायॅक्सोनच्या बरोबरीला आलं नाही. कारण २००५ मध्ये स्पष्ट झालं: वायुकोशांना आतून असणारं सरफॅक्टंट हे स्निग्ध अस्तर डॅप्टोमायसिनला धरून निकामी करतं. ब्रॉथमध्ये सरफॅक्टंट नसतं. म्हणजे जो आजार बरा करायचा दावा आहे, त्याच जागी, त्याच वाटेनं लागण केलेला प्राणी हवा. न्यूमोनियाचं औषध मांडीवर तपासून थांबू नका. आणि फुप्फुसासाठीच्या रेणूची एमआयसी थोडं सरफॅक्टंट घालून आधी बघा. उंदीर वाचतील, पैसेही.

आता माझ्यासमोर येणाऱ्या उंदरांच्या प्रयोगांतली सर्वांत वारंवार दिसणारी चूक. जिवाणू पोटाच्या पोकळीत टोचले आणि औषधही लगेच तिथेच टोचलं. उंदीर वाचला! पण झालं काय, तर उंदराचं पोट ही चामड्याची परीक्षानळी बनली. औषध रक्तात गेलं का, ऊतींत पोचलं का, काहीच कळलं नाही. २५ मे १९४० ला ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनचा जो पहिला संरक्षण-प्रयोग झाला, त्यात आठ उंदरांच्या पोटात स्ट्रेप्टोकॉकस टोचले होते, आणि चौघांना तासाभरानं औषध दिलं ते त्वचेखाली. नॉर्मन हीटली रात्रभर जागून बघत बसले. औषध न मिळालेले चारही पहाटेपर्यंत मेले. साधनं तुटपुंजी होती, पण मांडणी बघा: लागण एकीकडे, औषध दुसरीकडून, मधे वेळ, बरोबरीला नियंत्रण. जाता जाता, त्या लोकांनी उंदरांऐवजी गिनिपिग घेतले असते तर पेनिसिलिन विषारी म्हणून बाजूला पडलं असतं, कारण गिनिपिगला ते सोसत नाही.

औषधाचा वेग ही दुसरी मोठी गोम. उंदीर बहुतेक प्रतिजैविकं माणसापेक्षा फार लवकर बाहेर टाकतो. मेरोपेनेमचं माणसातलं अर्धायुष्य साधारण एक तास. उंदरात डिहायड्रोपेप्टिडेज हे विकर ते इतक्या झपाट्यानं मोडतं की दिवसातून दोनदा टोचून काही उपयोग नाही. मग निकाल येतो: "मेरोपेनेम अयशस्वी, आमचं संयुग यशस्वी". अहो, मेरोपेनेम तिथे होतंच कुठे? तुलनेच्या औषधाला रास्त संधी द्या. दर दोन तासांनी डोस, किंवा मूत्रपिंडाचा वेग कमी करणारी ठरलेली पद्धत, किंवा डिहायड्रोपेप्टिडेज रोखणारं सिलास्टॅटिन. उलट दिशेची चूक म्हणजे उंदराचा मिलिग्रॅम प्रति किलो डोस १२.३ नं भागून "माणसाचा डोस" काढणं. प्रतिजैविकात जुळवायचा असतो तो डोस नव्हे, रक्तातल्या मोकळ्या औषधाचा आलेख. त्यासाठी लागण झालेल्या उंदरांच्याच रक्तातली पातळी मोजा; आजारी उंदराची मूत्रपिंडं निरोग्यासारखी चालत नाहीत. प्रथिनांना ९५ टक्के चिकटणाऱ्या औषधाचा ५ टक्के भागच कामाचा, हेही विसरू नका.

मांडीचा नमुना (मांडीत जिवाणू टोचून केलेली लागण) वापरताना पांढऱ्या पेशी घटवणारं सायक्लोफॉस्फमाइड देतात, चार दिवस आधी किलोला १५० मिलिग्रॅम आणि एक दिवस आधी १००, म्हणजे न्यूट्रोफिल या जिवाणू खाणाऱ्या पेशी घन मिलिमीटरला १०० च्या खाली येतात. येतात असं मानलं जातं. दोन-तीन उंदरांचं रक्त तपासून पाहा, नाहीतर जिवाणू औषधानं कमी झाले की उंदराच्याच पेशींनी खाल्ले ते कळणार नाही. आणि उपचार न केलेल्या उंदरांत २४ तासांत जिवाणू शंभरपट तरी वाढलेत का? ॲसिनेटोबॅक्टर जिवाणूचे रुग्णांकडून आलेले काही वाण उंदरात धड वाढतच नाहीत. नियंत्रण गटच थंड असेल तर कुठलंही औषध शूर दिसतं. उपचार सुरू करतानाचा, लागणीनंतर दोन तासांच्या वेळचा, गटही मारून मोजायला हवा. "२४ तासांच्या नियंत्रणापेक्षा ४ लॉग कमी" हे भारदस्त वाटतं, पण सुरुवातीच्या पातळीशी ताडलं तर बऱ्याचदा जिवाणू फक्त वाढायचे थांबलेले असतात.

मांडी कुटून प्लेट लावताना तेच, औषध सोबत जाण्याचं. विशेषतः शेवटच्या डोसनंतर तासाभरात उंदीर मारला असेल तर. नियंत्रणाच्या मांडीच्या लगद्यात उपचार केलेल्या उंदराचा थोडा लगदा मिसळा. वसाहती घटल्या तर उत्तर मिळालं. आणि वसाहत दिसली नाही तर "०" लिहू नका. तुमच्या पद्धतीनं कमीत कमी किती मोजता येतात तो आकडा लिहा.

पिंजऱ्यांबद्दल थोडं. पिंजरा क्रमांक १ नियंत्रण, क्रमांक २ औषध, असं वाटप फार सोयीचं असतं आणि फार वाईट. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, एकमेकांचे जिवाणू घेतात, भांडतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक पिंजऱ्यात सगळे गट मिसळा. वसाहती मोजणाऱ्याला कुठली प्लेट कुणाची ते कळू देऊ नका. एकाच प्लेटमधल्या तीन विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, आणि एकाच उंदराच्या दोन मांड्या म्हणजे दोन उंदीर नव्हेत.

मृत्यू हा शेवटचा बिंदू धरणं तर आता टाळायलाच हवं. अंगाचं तापमान ठरावीक पातळीखाली घसरलं, वजन २० टक्के उतरलं, उंदीर हलवला तरी हलेना, की त्याला वेदनारहित मरण द्यायचं, हे आधीच ठरवून संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडच्या 'फॉर्म बी'त लिहायचं. मंजुरी मिळाल्यावर "अजून सहा उंदीर घेऊ" हे चालत नाही, त्यासाठी सुधारित अर्ज लागतो. आधी चाळणी म्हणून गॅलेरियाच्या अळ्या वापरता येतात. मधाच्या पोळ्यातलं मेण पोखरणारी ही अळी ३७ अंशाला जगते आणि मरताना काळी पडते. पण सगळ्या अळ्या साधारण एकाच वजनाच्या घ्या, नुसतं सलाइन टोचलेल्या अळ्यांचा गट ठेवा. त्यातल्याच दोन-तीन मेल्या तर सुई बदला, हात सुधारा आणि पुन्हा सुरू करा.

"काल प्रतिरोधक होता, आज नाही"

हा फोन महिन्यातून एकदा येतोच. बहुतेक वेळा उत्तर एकच: जिवाणू किती वेळा सबकल्चर केला? एनडीएम किंवा एमसीआरची जनुकं बहुतेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर, असतात. औषध नसलेल्या अगारवर आठवडे फिरवलं की जिवाणू ते ओझं टाकून देऊ शकतो. आला त्या दिवशी उणे ८० ला ग्लिसरॉलमध्ये दहा कुप्या करा, प्रत्येक प्रयोगाला नवी कुपी फोडा, आणि वापरलेली परत ठेवू नका. मूळ कुपीतूनही तसंच आलं तर मग प्लेटवरची वसाहत शुद्ध होती का ते बघा. एका सूक्ष्म स्ट्रीकमध्ये दोन आकारांच्या वसाहती निघणं ही आमच्याकडची नेहमीची गोष्ट आहे.

तुळशीवाली मुलगी पुढच्या सोमवारी परत आली. नुसत्या मिथेनॉलच्या विहिरीला १४ मिलिमीटर आले होते. मिथेनॉल पूर्ण उडवून, अर्क डीएमएसओत विरघळवून पुन्हा लावल्यावर झोन ११ वर आला, आणि बोअरर ८ चा. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "मॅडम, मिथेनॉलच्या विहिरीचा फोटो थिसिसमध्ये लावू का?" लाव म्हटलं. तिनं तो पहिल्याच आकृतीत लावला.